खात्यात शिल्लक आहे, तरी कॉल लागत नाही: प्रीपेड प्लॅनच्या अटी नेमक्या कशा वाचाव्यात?

प्रश्न: एक कास्तकार, दारव्हा तालुका (यवतमाळ)

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरी तीन मोबाईल आहेत आणि तिन्ही प्रीपेड आहेत. माझ्याकडे स्मार्टफोन आहे, आईकडे साधा बटणांचा फोन आहे, आणि तिसरे सिम वडिलांच्या नावाचे असून ते एका जुन्या फोनमध्ये घालून ठेवलेले असते, कारण बँकेचे खाते, आधार आणि पीएम किसानची नोंदणी या सर्वांना तोच क्रमांक जोडलेला आहे. त्यावर कोणी बोलत नाही. ओटीपी तेवढा येतो. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत तिन्ही फोनवर दरमहा पूर्ण रिचार्ज करणे परवडत नाही, म्हणून कुठे किती टाकावे याचा हिशेब मांडायला बसलो, तेव्हा मुळात अटीच नीट समजत नाहीत असे दिसले.

आईच्या फोनवर गावातल्या दुकानातून शंभर रुपयांचा टॉप-अप टाकला. ८१ रुपये ७५ पैसे जमा झाल्याचा संदेश आला. शिल्लक विचारली तर तेवढीच दिसते, पण कॉल लावला की प्लॅनची मुदत संपल्याचे ऐकू येते. पैसे जमा असताना कॉल का लागू नये, आणि बाकीचे अठरा रुपये गेले कुठे?

माझ्या फोनवर रोज दीड जीबी डेटा असलेला ‘अनलिमिटेड’ प्लॅन आहे. वावरात नेटवर्क धड मिळत नसल्याने बहुतेक दिवशी डेटा तसाच राहतो, आणि ज्या दिवशी कामासाठी तालुक्याला जावे लागते त्या दिवशी तो दुपारीच संपतो. न वापरलेला डेटा पुढे का मिळत नाही, आणि डेटा संपतच असेल तर अनलिमिटेड नेमके काय आहे?

शेवटचा प्रश्न वडिलांच्या क्रमांकाचा. रिचार्ज न करता तो किती दिवस टिकतो? कोणी नव्वद दिवस सांगतो, तर कोणी सांगतो की खात्यात वीस रुपये ठेवले की क्रमांक आयुष्यभर चालतो. ज्यांना नियम माहीत आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: मोबाईल दुकानदार, समुद्रपूर (वर्धा)

भाऊ, तुमचा पहिला प्रश्न माझ्या दुकानात जवळजवळ रोज येतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

दुकानातून होणारे सगळे रिचार्ज एका जातीचे नसते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१२ मध्ये जे ग्राहक संरक्षण विनियम केले त्यांत त्याचे प्रकार ठरवून दिलेले आहेत. टॉप-अपमध्ये खात्यात फक्त रुपये जमा होतात. विशेष दर व्हाउचरमध्ये रुपये मिळत नाहीत, ठरावीक दिवसांसाठी कॉल, डेटा किंवा एसएमएस मिळतात, आणि कॉम्बोमध्ये दोन्ही असतात. कूपन खरडून नंबर टाकण्याचे दिवस होते तेव्हा टॉप-अपच्या कूपनवर हिरवी, विशेष दर व्हाउचरवर पिवळी आणि कॉम्बोवर निळी पट्टी छापलेली असे, त्यामुळे ज्याला वाचता येत नसे त्यालाही आपण काय घेतले ते कळत होते. आता सर्व व्यवहार आमच्या लापू सिमवरून, म्हणजे दुकानदाराला रिचार्ज करण्यासाठी मिळालेल्या सिमवरून, किंवा ग्राहकाच्या ॲपवरून होतो, रंगाची अटही ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली, आणि प्रकार ओळखण्यासाठी रिचार्जनंतर येणारा संदेश वाचण्यावाचून दुसरी सोय राहिली नाही.

शंभर रुपयांचा हिशेब सरळ आहे. टॉप-अपच्या किमतीत १८ टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो. तो काढला की ८४ रुपये ७५ पैसे उरतात. त्यातून प्रक्रिया शुल्काचे ३ रुपये गेले की ८१ रुपये ७५ पैसे होतात. दहा रुपयांच्या टॉप-अपवर ७ रुपये ४७ पैसे मिळतात तेही याच रीतीने, फक्त तिथे प्रक्रिया शुल्क एक रुपया असते. दुकानदाराने मधले पैसे खाल्ले असा पुष्कळांचा समज असतो, पण आमचे कमिशन कंपनी वेगळे देते, ते ग्राहकाच्या शिलकीतून जात नाही.

आता कॉल का लागत नाही ते पाहू. टॉप-अपच्या रुपयांना मुदत नसते हे खरे आहे, पण ते रुपये खर्च करता यावेत यासाठी सिमवर सेवेची मुदत चालू असावी लागते, आणि टॉप-अपने ती मुदत वाढत नाही. लाइफटाइम सिमच्या काळात दहा रुपये टाकले की कॉल सुरू होत असे. मात्र २०१८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनी ठरावीक दिवसांनी किमान रिचार्ज करण्याची पद्धत आणली आणि तेव्हापासून शिल्लक वेगळी आणि मुदत वेगळी झाली. आईच्या खात्यातले पैसे बुडालेले नाहीत, ते अडकलेले आहेत. मुदत देणारा प्लॅन टाकल्यावर ते पुन्हा वापरता येतील. ज्या दुकानात तुम्ही टॉप-अप घेतला तिथे फोन साधा आहे आणि मुदत संपली आहे हे विचारले गेले असते तर शंभर रुपये वेगळ्या ठिकाणी लागले असते.

म्हणून कोणतेही रिचार्ज करण्याआधी एवढे विचारावे की याने सेवेची मुदत वाढते का, आणि वाढत असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. डेटाच्या छोट्या पॅकमध्येही हीच गफलत होते. त्यांच्या तपशिलात मुदतीच्या जागी अनेकदा ‘चालू प्लॅनच्या मुदतीइतकी’ असे लिहिलेले असते, म्हणजे चालू प्लॅन परवा संपणार असेल तर आज घेतलेला डेटा पॅकही परवाच संपेल. प्लॅन संपायच्या आदल्या सांजेला पोरे डेटा पॅक मागायला येतात. मी थांबवले की त्यांना वाटते, हा मोठे रिचार्ज गळ्यात मारतो आहे.

दिवसांकडेही लक्ष द्यावे. ‘महिन्याचा’ म्हणून मागितला जाणारा प्लॅन साधारणपणे २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज लागतात. समजा अशा प्लॅनची किंमत ३०० रुपये आहे, तर वर्षाचा खर्च ३,६०० नसून ३,९०० रुपये होतो आणि तरीही ३६४ दिवसच भरतात. याविषयी ओरड झाल्यावर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये दर आदेशात दुरुस्ती केली आणि ३० दिवसांच्या मुदतीचे तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारे, असे किमान एकेक व्हाउचर प्रत्येक प्रकारात ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. एखाद्या महिन्यात ती तारीखच नसेल तर महिन्याचा शेवटचा दिवस धरला जातो. हे प्लॅन उपलब्ध असतात, पण ॲप उघडल्यावर समोर दिसतात ते दुसरेच. ते शोधून काढावे लागतात. माझा सल्ला असा की किमतीला दिवसांनी भागावे आणि मगच दोन प्लॅनची तुलना करावी, कारण किंमत तीच ठेवून २८ चे २४ किंवा २२ दिवस केले तरी ती दरवाढच असते, आणि ती पटकन लक्षात येत नाही.

उत्तर: निवृत्त दूरसंचार कर्मचारी, वरुड (अमरावती)

वरील माहिती बरोबर आहे. मी केवळ क्रमांक बंद होण्याबद्दल लिहितो, कारण त्याविषयी गावोगावी अर्धवट माहिती फिरत असते. नव्वद दिवस आणि वीस रुपये या दोन्ही गोष्टी नियमात आहेत. सांगताना त्यांच्या अटी तेवढ्या गळून पडतात.

ट्रायच्या २०१३ च्या दुरुस्तीनुसार ‘वापर नाही’ या कारणावरून कोणताही प्रीपेड क्रमांक ९० दिवसांच्या आत बंद करता येत नाही. येथे वापर म्हणजे कॉल येणे किंवा करणे, एसएमएस पाठवणे, डेटा वापरणे. यांपैकी काहीही घडले की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. ९० दिवस काहीच घडले नाही आणि खात्यात २० रुपये किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल, तर कंपनी २० रुपये कापून क्रमांक आणखी ३० दिवस राखून ठेवते आणि शिल्लक पुरेपर्यंत असेच चालू राहते. शिल्लक २० रुपयांपेक्षा कमी असेल तर क्रमांक बंद केला जातो, मात्र त्यानंतरही तो पुन्हा सुरू करून घेण्यासाठी ग्राहकाला १५ दिवसांची सवलत मिळते.

तेव्हा वीस रुपयांत आयुष्य नव्हे, एक महिना मिळतो. तुमच्या आईच्या खात्यात जेवढी शिल्लक आहे तेवढीच वडिलांच्या खात्यात आहे असे धरले, तर पहिले ९० दिवस आणि त्यानंतर चार वेळा २० रुपये कापून मिळणारे १२० दिवस, असे एकूण २१० दिवस तो क्रमांक तुमच्या वडिलांच्या नावावर राहील. परंतु तुमच्या दृष्टीने खरी अडचण इथेच आहे. क्रमांक राहतो याचा अर्थ तो दुसऱ्या कोणाला दिला जात नाही एवढाच होतो. त्यावर ओटीपी येत राहील, अशी हमी या नियमात कुठेही नाही. सेवेची मुदत संपल्यावर आधी बाहेर जाणारे कॉल थांबतात, आणि पुढे कंपनी ठरवेल तितक्या दिवसांनी येणारे कॉल आणि संदेशही थांबतात. असा क्रमांक कागदोपत्री जिवंत असतो आणि बँकेच्या कामाला मात्र उपयोगी पडत नाही.

यास्तव एका सिमवर तीन मुदती चालू असतात असे समजावे: प्लॅनमधील लाभांची, सेवेची आणि क्रमांकाची. पहिली संपली तर डेटा पॅक घेऊन भागते, दुसरी संपली तर मुदत देणारा प्लॅनच घ्यावा लागतो, आणि तिसरी संपली तर क्रमांकच हातचा जातो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्यानंतर तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो आणि तुमच्या वडिलांच्या खात्याचा ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जाण्याचा धोका उभा राहतो.

माझ्या मते तिसरे सिम पोसत बसण्याचे कारण नाही. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो, आणि एकच क्रमांक घरातील एकापेक्षा जास्त व्यक्तींच्या आधारला जोडता येतो, त्यामुळे वडिलांच्या आधारला तुमचाच क्रमांक लावता येईल. बँकेत मात्र शाखेत जाऊन विचारावे. पीएम किसानची ई-केवायसी ओटीपीवाचूनही, सेवा केंद्रात बोटांच्या ठशांवर, होऊ शकते. फक्त क्रम चुकवू नये: आधी आधार आणि बँक, दोन्हीकडून बदल झाल्याची खात्री, आणि नंतर सिम सोडणे. जुना क्रमांक बंद पडल्यावर हीच कामे करायला निघालेल्या माणसाला किती चकरा माराव्या लागतात ते मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिले आहे.

उत्तर: प्राथमिक शिक्षिका, धारणी (मेळघाट)

डेटाच्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहिते.

आजच्या प्लॅनमध्ये अनलिमिटेड हे विशेषण कॉलला लागू असते. डेटाला रोजची मर्यादा असते आणि ती मध्यरात्री बारा वाजता नव्याने सुरू होते. मर्यादा संपली की जोडणी तुटत नाही, वेग कमी होतो; बारीक अक्षरांत तो बहुधा ६४ केबीपीएस असा दिलेला असतो. हा आकडा किती लहान आहे ते हिशेब केल्याशिवाय कळत नाही. या वेगाने सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे अखंड तासभरात जास्तीत जास्त २९ एमबी उतरतात. शेतातील नुकसानीचा तीन एमबीचा एक फोटो पाठवायचा झाला तर सहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल, तोही नेटवर्क मध्ये तुटले नाही तर. लिखित संदेश जातात, बाकी फारसे काही होत नाही. अशा स्थितीला अनलिमिटेड म्हणणे मला पटत नाही, पण अट लिहिलेली असल्याने तक्रारीला जागा राहत नाही.

उरलेला डेटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही, कारण तुम्ही दीड जीबीची रोजची मर्यादा घेतलेली असते, महिन्याचा साठा नव्हे. काही प्लॅनमध्ये आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू देतात. ती सवलत आहे की नाही ते प्लॅनच्या तपशिलात पाहावे. तुमचा वापर आठवड्यातून एखादा दिवस भरपूर आणि एरवी जवळजवळ नाही असा असेल, तर पूर्ण मुदतीसाठी ठोक डेटा देणारे प्लॅन तुम्हाला अधिक सोयीचे पडतील. त्यात दर दिवसाची मर्यादा नसते. एका दिवसात निम्मा संपवला तरी चालतो. मात्र तो संपल्यावर काय होते ते अवश्य वाचावे, कारण काही प्लॅनमध्ये त्यानंतर वेग कमी होण्याऐवजी खात्यातील शिलकीतून दर एमबीला पैसे कापले जातात. वापर किती झाला याचे संदेश ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पाठवणे कंपन्यांना बंधनकारक आहे, तेव्हा ते जाहिरातींबरोबर पुसून टाकू नयेत. आईच्या फोनवर डेटा चुकूनही सुरू होऊ नये असे वाटत असेल तर त्या फोनवरून STOP हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून १९२५ या क्रमांकावर एसएमएस करावा.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या भागांसाठी सांगण्यासारखी आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनलिमिटेड फाइव्ह-जीची सवलत मुख्यतः रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरती ठेवली गेली. ती वापरण्यासाठी हातातला फोन फाइव्ह-जीचा हवा आणि जवळचा टॉवरही फाइव्ह-जीचा हवा. फोन फोर-जीवर आला की रोजच्या मर्यादेतून डेटा मोजला जाऊ लागतो. ज्या गावात फोर-जीसाठीच गच्चीवर किंवा टेकाडावर जावे लागते, तिथल्या माणसाने या सवलतीपोटी महागडा प्लॅन घेणे म्हणजे न आलेल्या पाण्याची पट्टी भरणे आहे. कोणत्या ठिकाणी कोणते नेटवर्क आहे याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर देणे ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनी कंपन्यांना भाग पाडले आहे. नकाशावर रंग दिसला म्हणून घरात नेटवर्क मिळेलच असे मी म्हणणार नाही, तरी प्लॅन घेण्याआधी पाहून घ्यावा.

प्रश्नकर्ता

ताई, काका आणि दुकानदार भाऊ, तिघांचेही आभार. वडिलांचा क्रमांक काकांनी सांगितलेल्या क्रमाने बदलून घेतो.

तीन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आईला फक्त बोलायचे असते, तर डेटा नसलेला प्लॅन असतो का? गावातील दुकानात ‘असे काही नसते’ असे उत्तर मिळाले. दुसरे, माझा प्लॅन संपायला सहा दिवस बाकी असताना पुढचे रिचार्ज केले तर ते सहा दिवस वाया जातात का? आणि पावसाळ्यात आमच्याकडचे नेटवर्क लागोपाठ काही दिवस बंद होते. त्या दिवसांची मुदत वाढवून मागता येते का?

उत्तर: विधी शाखेची विद्यार्थिनी, मूल (चंद्रपूर)

दादा, डेटा नसलेला प्लॅन असतो, आणि तो ठेवणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले नाही. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण विनियमांत बारावी दुरुस्ती केली आणि केवळ कॉल व एसएमएस देणारे किमान एक विशेष दर व्हाउचर प्रत्येक कंपनीने ठेवले पाहिजे असे ठरवले. कारण उघड आहे: साधा फोन वापरणाऱ्या वृद्धांना, तसेच दोन सिम बाळगणाऱ्यांना, न वापरल्या जाणाऱ्या डेटाचे पैसे भरावे लागत होते. याच दुरुस्तीने विशेष दर व्हाउचर आणि कॉम्बोची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनी जे ८४ दिवसांचे कॉल-एसएमएस प्लॅन आणले ते साधारण ४४८ ते ४७० रुपयांच्या दरम्यान होते, म्हणजे दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास. किमती बदलत राहतात, त्यामुळे आजचा दर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा ट्रायच्या दरविषयक संकेतस्थळावर पाहावा. तिथे सर्व कंपन्यांचे प्लॅन एकत्र दिसतात. दुकानात मागताना ‘फक्त कॉल आणि एसएमएसचा’ असे स्पष्ट सांगावे आणि नाही म्हटले तर ॲपमधील पान उघडून दाखवावे.

नेटवर्क बंद राहण्याबाबत नियम आहे, पण त्याची कक्षा मर्यादित आहे. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनुसार जिल्हा पातळीवर एखाद्या कंपनीची सेवा सलग २४ तासांपेक्षा अधिक काळ ठप्प झाली, तर त्या जिल्ह्यात नोंद असलेल्या पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकांना मुदतवाढ द्यावी लागते. एका गावचा टॉवर विजेअभावी बंद पडला तर हा नियम लागू होत नाही. आपल्या भागात बहुतेक वेळा असेच घडते, त्यामुळे या तरतुदीचा आपल्याला होणारा उपयोग थोडाच आहे, हे खेदाने सांगावे लागते. तरीही एका टॉवरविषयी लेखी तक्रार नोंदवणे योग्य ठरते, विशेषतः अनेक गावकऱ्यांनी मिळून.

तक्रारीचा मार्ग असा आहे. १९८ या क्रमांकावर मोफत तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक, म्हणजे डॉकेट नंबर, मागून लिहून ठेवावा. तो नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र ग्राहक आयोगाचे दार मोकळे आहे. दूरसंचार सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. शिलकीतून पैसे कशासाठी कापले याबद्दल शंका असेल तर मागील सहा महिन्यांपर्यंतचा तपशीलवार वापर कंपनीकडून मागता येतो आणि त्यासाठी ५० रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही. कॉलर ट्यून किंवा क्रिकेटच्या बातम्या यांसारखी सेवा न मागता सुरू झाली असेल तर १५५२२३ वर फोन करून ती बंद करून घ्यावी आणि पैसे कापल्याचे दिसताच विलंब न करता करावी.

उत्तर: कास्तकार, सिरोंचा (गडचिरोली)

या चर्चेत एक छोटी भर घालतो. आमच्याकडे नदीपलीकडच्या तेलंगणातला टॉवर वरचेवर पकडला जातो आणि अनेकांना वाटते की रोमिंगचे पैसे लागतील. हल्लीच्या अनलिमिटेड प्लॅनमध्ये देशभरातील रोमिंग समाविष्ट असते, तेव्हा प्लॅन चालू असताना काळजीचे कारण नाही. केवळ टॉप-अपच्या शिलकीवर बोलत असाल तर मात्र दर तपासूनच बोलावे.

उत्तर: मोबाईल दुकानदार, समुद्रपूर (वर्धा)

सहा दिवसांचा प्रश्न राहिला, त्याचे उत्तर देतो. आधी केलेले रिचार्ज रांगेत थांबते आणि पहिला प्लॅन संपल्यावर आपोआप सुरू होते, असे काही प्लॅनमध्ये असते. काही व्हाउचर मात्र टाकल्या क्षणापासून सुरू होतात आणि तेव्हा जुन्या प्लॅनचे उरलेले दिवस नव्यात मिळवले जातातच असे नाही. कंपनीनुसार आणि एकाच कंपनीत व्हाउचरनुसारही हे बदलते. म्हणून पैसे देण्याआधी ॲपमध्ये ‘चालू प्लॅननंतर सुरू होईल’ अशा अर्थाचे वाक्य आहे का ते पाहावे, आणि ते दिसत नसेल तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी रिचार्ज करावे. त्यानंतर आलेल्या संदेशातील अखेरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. दर वाढणार असल्याची बातमी आली की लोक घाईने दोन-दोन वर्षभराचे प्लॅन टाकायला येतात. त्यांना मी रांगेची अट आधी वाचायला लावतो, कारण एकदा झालेले रिचार्ज परत घेणे माझ्या हातात नसते.

वर्षभराच्या प्लॅनविषयीही माझे मत सांगून ठेवतो. दिवसाचा दर कमी पडतो, हे गणित बरोबर आहे. पण गावात एकाच कंपनीचा टॉवर नीट चालत असेल आणि तो पुढे बिघडला, तर वर्षाचे पैसे आधी भरलेला माणूस अडकून पडतो. कापूस विकल्यावर हाती पैसे आहेत म्हणून एकदम वर्षाचे भरून टाकावे असे वाटते. ८४ दिवसांचा प्लॅन घेऊन पाहावा, असे मी गिऱ्हाइकाला सांगतो.

कंपनी बदलायचीच झाली तर एसएमएसमध्ये PORT हा शब्द आणि पुढे आपला क्रमांक लिहून १९०० वर पाठवावा लागतो. त्यासाठी चालू कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावेत. मिळालेला कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. जुन्या सिमवरची शिल्लक आणि उरलेली मुदत नव्या कंपनीकडे येत नाही, त्यामुळे प्लॅन संपत आलेला असताना पोर्टिंग करणे बरे. महाराष्ट्र दूरसंचार मंडळाच्या (सर्कलच्या) आतल्या बदलाला तीन कामाचे दिवस लागतात आणि सिम बदलताना थोडा वेळ फोन बंद राहतो, म्हणून पीक विम्याच्या किंवा अनुदानाच्या ओटीपीची वाट पाहत असाल त्या आठवड्यात हे काम काढू नये.